दैनंदिन व्यवहारातील पारद : उपयोग, धोके आणि वैद्याचे दायित्व

प्रस्तावना

रसशास्त्राच्या अभ्यासकास पारदाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षी आपण सर्वांनीच पारदाचे दोष, अष्टसंस्कार आणि कज्जली यांचा अभ्यास केलेला आहे. तथापि ज्या पारदाचे आपण शोधन करतो, तोच धातू कोणतेही शोधन न होता रुग्णाच्या घरात किती मार्गांनी शिरलेला असतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. मीही केला नव्हता. तो करावयास लावणारा एक प्रसंग प्रथम नमूद करतो.

काही वर्षांपूर्वी तिशीतील एक गृहिणी त्वचाविकारासाठी माझ्याकडे आली. तिला मी इतर औषधांसमवेत आरोग्यवर्धिनी दिली. सुमारे दोन महिन्यांनी तिच्या पायांवर सूज आली व मूत्र फेसाळ होऊ लागले. तपासणीत मूत्रात अल्ब्युमिन मोठ्या प्रमाणात आढळले. मी तिला वृक्कविकारतज्ज्ञांकडे पाठविले. बायोप्सीमध्ये मेंब्रेनस नेफ्रोपॅथीचे निदान झाले. 'नेल-१' हे प्रथिन सापडले आणि मूत्रातील पाऱ्याचे प्रमाण वाढलेले निघाले. त्या तज्ज्ञांनी मला दूरध्वनी करून अत्यंत सभ्यपणे दोनच प्रश्न विचारले : औषधात पारद होता काय? असल्यास त्या गोळ्यांचा बॅच क्रमांक कोणता?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे होते. दुसऱ्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मोठ्या डब्यातून गोळ्या काढून पुडीत बांधून देण्याची माझी पद्धत होती आणि तो डबा केव्हाच संपला होता. पुढे चौकशीत समजले की, ती बाई वर्षभर एक विनानावाचे चेहरा उजळविण्याचे मलम वापरीत होती आणि घरातील गव्हाच्या कोठीत पाऱ्याच्या गोळ्याही होत्या. सर्व काही थांबविल्यावर आणि तज्ज्ञांच्या उपचारांनी काही महिन्यांत ती बरी झाली. मात्र दोष मलमाचा, धान्याचा की माझ्या औषधाचा, हे मला आजही सांगता येत नाही. सांगता न येणे हाच माझा अपराध होता असे मी मानतो. प्रस्तुत लेख त्यातूनच लिहिला आहे.

पारदाचे स्वरूप आणि त्यातून निर्माण झालेले उपयोग

सामान्य तापमानास द्रवरूप असणारा हा एकमेव धातू होय. तो उणे ३९ अंश सेल्सियसला गोठतो व सुमारे ३५७ अंशांना उकळतो. पाण्याच्या साडेतेरा पट जड असणे, उष्णतेने समप्रमाणात प्रसरण पावणे, काचेस न चिकटणे, वीज वाहून नेणे आणि सुवर्ण, रजत, वंग आदी धातूंशी सहज मिसळणे हे त्याचे गुण. त्याचे बहुतेक सर्व व्यावहारिक उपयोग या गुणांतूनच निघाले आहेत.

जडपणामुळे तो वायुभारमापकात व रक्तदाबमापकात आला. वातावरणाचा दाब पाण्याने मोजावयाचा तर दहा मीटरहून उंच नळी लागते. पाऱ्यास ७६० मिलिमीटरची पुरते. समप्रसरणामुळे तो तापमापकात आला. विद्युत्वाहकतेमुळे तो विजेच्या खटक्यांत, तर बाष्परूपात विजेने उद्दीपित होऊन अतिनील किरण देण्याच्या गुणामुळे नळीच्या दिव्यांत आला. धातूंशी मिसळण्याच्या गुणामुळे सोन्याचा मुलामा, जुन्या आरशांची वंगमिश्रित पाठ आणि दातांतील चांदीचे भरण शक्य झाले. हिंगुळाच्या लाल रंगाने आपल्या हस्तलिखित पोथ्यांतील दंड व अध्यायसमाप्तीच्या ओळी रंगविल्या जात. मागील पिढीच्या प्रत्येक घरात खरचटल्यावर लावले जाणारे 'लाल औषध', म्हणजेच मर्क्युरोक्रोम, हेही पारदाचेच संयुग होते.

या यादीतून एक गोष्ट स्पष्ट होते. पारद हा केवळ रसशाळेतला पदार्थ नव्हे. तो वैद्यक, शेती, सौंदर्य, प्रकाश व पूजा या सर्व मार्गांनी घरात आलेला आहे.

रूपभेदाने विषभेद

'पारा विषारी आहे' हे विधान व्यवहारात अपुरे ठरते. त्याच्या तीन रूपांचे शोषण आणि परिणाम भिन्न आहेत.

१) धातुरूप पारद : गिळला गेल्यास तो आतड्यातून अत्यल्प, म्हणजे ०.०१ टक्क्याहूनही कमी शोषला जातो व बहुधा मलावाटे निघून जातो. परंतु त्याचे बाष्प श्वासावाटे गेल्यास सुमारे ८० टक्के शोषले जाते आणि थेट मेंदूपर्यंत पोहोचते. म्हणजेच मुलाने तापमापक चावून पारा गिळला तर त्यापेक्षा अधिक चिंता खोलीत सांडलेल्या पाऱ्याची करावयास हवी.

२) निरिंद्रिय संयुगे : रसकर्पूर, कॅलोमेल, अमोनिएटेड मर्क्युरी इत्यादी. यांचे प्रमुख लक्ष्य वृक्क. पारदाची सल्फाइडे, म्हणजे हिंगूळ व कज्जली, याच वर्गातील असली तरी अत्यंत अल्पविद्राव्य असल्याने त्यांचे शोषण फार कमी असते. फार कमी म्हणजे शून्य नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

३) सेंद्रिय संयुगे : यांपैकी मेथिलमर्क्युरी सर्वांत भयंकर. आतड्यातून ते जवळजवळ संपूर्ण शोषले जाते. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातून ते मासळीत व मासळीतून माणसांत गेले. तो व्याधी १९५६ साली अधिकृतपणे नोंदविला गेला. इराकमध्ये १९७१-७२ साली मेथिलमर्क्युरी लावलेले बियाण्याचे धान्य लोकांनी दळून खाल्ले. सुमारे ६,५०० जण रुग्णालयात दाखल झाले व त्यांतील ४५९ जण दगावले.

घरातील व दवाखान्यातील पारद

(अ) तापमापक व रक्तदाबमापक : एका तापमापकात सुमारे अर्धा ते एक ग्रॅम, तर पारदयुक्त रक्तदाबमापकात साधारण ८० ते १०० ग्रॅम पारा असतो. अर्धा ग्रॅम म्हणजे किती, याचा हिशेब पाहावा. २० अंश तापमानास पाऱ्याच्या बाष्पाने संपृक्त झालेल्या एक घनमीटर हवेत सुमारे १३ मिलिग्रॅम पारा मावतो. दहा बाय दहा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत २८ घनमीटर हवा असते. ती संपृक्त होण्यास सुमारे ३६५ मिलिग्रॅम, म्हणजे एका तापमापकातील पाराही पुरतो. बाष्पीभवन मंद असल्याने व हवा खेळती असल्याने प्रत्यक्षात ही स्थिती येत नाही, हे खरे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेची हवेतील वार्षिक सरासरी मार्गदर्शक मर्यादा घनमीटरला केवळ १ मायक्रोग्रॅम आहे. तापमान ३० अंशांवर गेले की बाष्पाचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. बंद खिडक्यांचा, उन्हाळ्यात तापणारा आणि फरशीच्या फटीत जुना पारा साठलेला दवाखाना म्हणूनच निर्धोक नसतो.

या उपकरणांच्या निर्मितीतही धोका होता. तमिळनाडूतील कोडाईकनाल येथील तापमापकांचा कारखाना पारायुक्त कचऱ्याचे प्रकरण उघडकीस आल्यावर २००१ साली बंद झाला. आज अंकीय तापमापक व अनेरॉइड रक्तदाबमापक सर्वत्र उपलब्ध आहेत. जुनी उपकरणे भंगारवाल्यास न देता घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडे सोपवावीत.

(आ) दिवे : सीएफएल दिव्यात साधारण ५ मिलिग्रॅम वा त्याहून कमी पारा असतो. दिवा फुटल्यास खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे व नंतर तुकडे जाड कागदाने गोळा करावेत. आंतरराष्ट्रीय करारान्वये असे दिवे टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत. मात्र घरांच्या माळ्यांवर जुन्या नळ्या अद्याप पडून आहेत.

(इ) दातांतील भरण : चांदीच्या म्हटल्या जाणाऱ्या भरणात वजनाने सुमारे निम्मा पारा व उरलेले रजत, वंग, ताम्र असते. त्यातून अत्यल्प बाष्प निघत राहते. मिनामाता कराराच्या २०२२ मधील परिषदेत पंधरा वर्षांखालील मुले, गर्भिणी व स्तन्यदा माता यांच्यात त्याचा वापर टाळावा असे ठरले. मात्र चांगले बसलेले जुने भरण केवळ भीतीपोटी उकरून काढणे इष्ट नव्हे, कारण काढताना बाष्प अधिक निघते.

(ई) धान्यातील पाऱ्याच्या गोळ्या : हा विषय औषधालय-मालकांशी थेट संबंधित आहे. महाराष्ट्र व गुजरातमध्ये गहू-तांदळाच्या कोठ्यांत कापडात बांधून पाऱ्याच्या गोळ्या ठेवण्याची रीत रूढ आहे आणि या गोळ्या पुष्कळदा आयुर्वेदीय औषधांच्या दुकानांतूनच विकल्या जातात. बाष्पाने किडे व त्यांची अंडी नष्ट होतात, हे तिचे तत्त्व. इराकमधील घटनेशी याची तुलना करणे अयोग्य ठरेल. तेथील विष सेंद्रिय होते, येथे धातुरूप आहे. परंतु जे बाष्प किड्यास मारते तेच कोठीचे झाकण उघडणाऱ्या गृहिणीच्या श्वासात जाते. शिवाय गोळी फुटून पारा धान्यात मिसळल्यास ते धान्य दळताना व भाजताना बाष्प निघते. कडक उन्हात वाळवणे, एरंडेल तेल चोळणे, कडुनिंबाचा वाळलेला पाला व हवाबंद कोठी हे उपाय आपल्याच परंपरेतील आहेत. ग्राहकास गोळ्यांऐवजी हे उपाय सांगण्यात औषधालयाचे फारसे नुकसान नाही.

(उ) सौंदर्यप्रसाधने : पारद त्वचेतील मेलॅनिनची निर्मिती रोखतो, म्हणून काही मलमांनी चेहरा झपाट्याने उजळतो. भारतातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांच्या परिसरातील प्रसाधने वगळता अन्य प्रसाधनांत अनवधानाने आलेला पाराही दशलक्षात १ भागाहून अधिक असता कामा नये. तरीही बेनामी मलमे बाजारात मिळतात. केरळमधील वृक्कविकारतज्ज्ञांनी २०२१ ते २०२३ या काळातील मेंब्रेनस नेफ्रोपॅथीच्या २२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील १५ जणांत 'नेल-१' आढळले आणि त्यांपैकी १३ जण चेहरा उजळविण्याची मलमे वापरीत होते. व्यंग वा तत्सम तक्रारीसाठी येणाऱ्या प्रत्येक रुग्णास 'आपण चेहऱ्याला काय लावता?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

(ऊ) पूजा व श्रद्धा : पारद शिवलिंग, पारद मणी इत्यादी वस्तू रजत वा वंग यांच्याशी मिश्रण करून घट्ट केलेल्या असतात. श्रद्धेस धक्का न लावता रुग्णास एवढेच सांगावे की, पूजा करावी. परंतु त्यावरील दुधाचे वा पाण्याचे प्राशन करू नये, वस्तू उष्णतेजवळ ठेवू नये व लहान मुलांच्या हाती देऊ नये.

रसकल्प : आपले स्वतःचे क्षेत्र

इतरांच्या पाऱ्याविषयी बोलताना स्वतःच्या पाऱ्याकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव, सूतशेखर, लक्ष्मीविलास, श्वासकुठार, आरोग्यवर्धिनी हे कल्प आपण प्रतिदिन देतो. यांत पारद कज्जलीरूपाने वा हिंगूळरूपाने असतो.

कज्जलीचे गणित उद्बोधक आहे. रसायनशास्त्रानुसार १०० ग्रॅम पाऱ्याचे संपूर्ण सल्फाइड होण्यास केवळ १६ ग्रॅम गंधक पुरतो. समगुण कज्जलीत तो १०० ग्रॅम, म्हणजे आवश्यकतेच्या सहापट घेतला जातो. हे प्रमाण ठरविणाऱ्या आचार्यांनी मुक्त पारद शिल्लक राहू नये याची पुरेपूर काळजी घेतली होती. परंतु ती काळजी मर्दनाने पूर्ण होते, केवळ प्रमाणाने नव्हे. दोन दिवसांचे मर्दन दोन तासांत उरकल्यास गंधक सहापट असूनही मुक्त पारद राहू शकतो. म्हणूनच निश्चंद्रत्वाची परीक्षा आहे. कज्जली पाण्याच्या थेंबात घासून सूर्यप्रकाशात पाहावी. एकही चमकणारा कण दिसू नये. ओली कज्जली स्वच्छ ताम्रपत्रावर घासल्यास पांढरा डाग उमटू नये. दुसरी परीक्षा दोन मिनिटांत कोणत्याही दवाखान्यात होऊ शकते.

आरोग्यवर्धिनीत, त्रिफळेचे भाग कसे मोजले जातात त्यानुसार, पारद ३६ वा ४४ भागांत एक असतो. म्हणजे भावनाद्रव्याचा विचार न करता सुमारे २.३ ते २.८ टक्के. दिवसाला २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या दिल्यास सुमारे २५ मिलिग्रॅम पारद पोटात जातो. तो सल्फाइडरूप असेल तर बहुतांश मलावाटे जाईल. अन्य रूपात असेल तर तसे सांगता येणार नाही. प्रयोगशाळेची नित्याची तपासणी पारदाचे एकूण प्रमाण दाखविते, रूप दाखवीत नाही. त्यामुळे रूपाची हमी हे निर्मात्याचे कर्तव्य ठरते.

शास्त्रीय टीकेकडेही डोळेझाक करू नये. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. २०२२ साली भारतीय वृक्करोगतज्ज्ञांनी 'नेल-१' प्रकारच्या नेफ्रोपॅथीचा पारंपरिक औषधांच्या सेवनाशी संबंध दाखविला. 'ती औषधे अशास्त्रीय पद्धतीने बनविली असतील' हे उत्तर खरेही असू शकेल. परंतु ज्याच्यापाशी बॅच क्रमांक नाही, त्याला हे उत्तर देण्याचा अधिकार नाही. हे मी स्वानुभवाने लिहीत आहे.

कोणती लक्षणे दिसता पारदाचा संशय घ्यावा?

१) मुख : लालास्राव, तोंडास धातूची चव, हिरड्या सुजणे, दात हलणे.
२) हस्तकंप : प्रथम बोटांत, पापण्यांत व ओठांत. रुग्णाकडून दर भेटीस एक ओळ लिहवून घेतल्यास हस्ताक्षरातील बदल सहज लक्षात येतो.
३) मनोविकार : चिडचिड, निद्रानाश, विस्मृती, अकारण संकोच.
४) वृक्क : पादशोथ, फेसाळ मूत्र.
५) बालकांत : तळहात-तळपाय गुलाबी होऊन दुखणे, घाम, चिडचिड.

संशय आल्यास धातुरूप व निरिंद्रिय पारदासाठी मूत्रपरीक्षा, सेंद्रियासाठी रक्तपरीक्षा अधिक उपयुक्त ठरते. सिद्ध विषबाधेत डीएमएसए, डीएमपीएस यांसारखी औषधे द्यावी लागतात. ते कार्य तज्ज्ञांचे. केवळ गंधकरसायन देऊन वाट पाहणे धोक्याचे होय.

पारा सांडल्यास

१) मुले व गर्भिणी यांना बाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात, घरातील इतर भागाकडील दार मिटावे.
२) हातांतील सोन्याचे दागिने काढावेत, अन्यथा ते पांढरे पडतात. हातमोजे घालावेत.
३) केरसुणी वा व्हॅक्यूम क्लीनर कदापि वापरू नये, थेंब फुटून बाष्प वाढते.
४) दोन जाड कागदांनी थेंब एकत्र ढकलून पाणी असलेल्या बाटलीत घ्यावेत. बारीक थेंब चिकटपट्टीने उचलावेत.
५) फटींत गंधकाचे चूर्ण टाकावे, ते पाऱ्यास बांधून ठेवते, नंतर ते गोळा करून त्याच बाटलीत भरावे. खरलातील तत्त्वच येथे फरशीवर उपयोगी पडते.
६) पारा मोरीत वा कचऱ्यात टाकू नये. बाटली घट्ट बंद करून घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावी.

वैद्य व औषधालय-मालक यांनी पाळावयाचे नियम

वैद्यांसाठी :
१) पारदयुक्त कल्प आरंभण्यापूर्वी मूत्रातील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन तपासावे, दीर्घकाळ द्यावयाचे असल्यास दरमहा मूत्र तपासावे. साध्या पट्टीने हे दवाखान्यातच होते.
२) गर्भिणी, स्तन्यदा, बालक व वृक्कविकारी यांना हे कल्प देणे टाळावे.
३) कालमर्यादा आरंभीच ठरवून केसपेपरवर लिहावी. 'बरे वाटते आहे, तेच चालू ठेवा' हा सल्ला येथे नको.
४) रुग्णाच्या नोंदीत निर्माता, बॅच क्रमांक व दिनांक लिहावा. सुटे औषध द्यावयाचे असल्यास पुडीवरही लिहावे.
५) मलम, धान्यातील गोळ्या, घरातील मणी व व्यवसाय (सोनारकाम, दंतवैद्यक, दिव्यांचे भंगार) यांची विचारपूस करावी.

औषधालयांसाठी :
१) औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये पारद, हिंगूळ, रसकर्पूर यांचा समावेश आहे. अशा घटकांच्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असणे नियम १६१ अन्वये आवश्यक आहे. ती वाचूनच माल घ्यावा.
२) ग्राहकाने नुसते नाव सांगितले म्हणून त्रिभुवनकीर्तीसारखा कल्प हातावर ठेवू नये.
३) खरल-मर्दन, ऊर्ध्वपातन व कूपीपाक ही कामे बंद खोलीत करू नयेत. कामगारांची मूत्रतपासणी नियमित करावी. रुग्ण महिनाभर पारद घेतो; खरलाजवळचा कामगार वर्षानुवर्षे त्याच्या सान्निध्यात असतो.
४) पाऱ्याच्या गोळ्या व बेनामी मलमे दुकानातून काढून टाकावीत.

उपसंहार

पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला आणि भारताने तो २०१८ साली मान्य केला. त्यात तापमापक, दिवे, प्रसाधने यांच्यावर निर्बंध आहेत. मात्र पारंपरिक व धार्मिक प्रथांत वापरल्या जाणाऱ्या उत्पादनांस वगळण्यात आले आहे. ही सवलत आपणांस मिळालेली मोठी विश्वासाची ठेव आहे. दिवे व तापमापक यांच्यातून पारा जाईल, दातांतूनही जाईल. उद्या समाजात उरलेला पारा प्रामुख्याने आपल्या खरलातला असेल आणि सर्वांची दृष्टी त्याकडेच राहील.

त्या दृष्टीस सामोरे जाण्याचे सामर्थ्य ग्रंथांतील प्रशस्तीने येणार नाही. ते निश्चंद्र कज्जलीने, वेळेवर केलेल्या मूत्रपरीक्षेने आणि नीट ठेवलेल्या नोंदवहीने येईल. माझ्या दवाखान्यात आता प्रत्येक पुडीवर बॅच क्रमांक असतो. तो लिहिण्यास अर्धे मिनिट लागते. त्या गृहिणीच्या वेळी ते अर्धे मिनिट मी दिले असते, तर निदान त्या तज्ज्ञांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले असते.